पाळी थांबली म्हणजे रक्त साठलं का? गोळी आणि सुईबद्दलची ऐकीव भीती, आणि खरे परिणाम

भाद्रपदात गौरी बसायच्या आठवड्यात पुणे जिल्ह्यातल्या शिरूर-दौंडकडच्या औषधाच्या दुकानांत एक गोळी हमखास मागितली जाते: पाळी पुढे ढकलायची. घरी सवाष्ण जेवायला यायची असते, नैवेद्याचा स्वयंपाक असतो आणि नेमकी तीच तारीख येते. दुकानात हळू आवाजात सांगायचं, कागदात गुंडाळलेलं पाकीट पर्समध्ये टाकायचं आणि दिवसाला तीन गोळ्या सुरू करायच्या. रक्तदाब कुणी मोजत नाही. पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ होण्याचा त्रास घरात कुणाला होता का, हेही कुणी विचारत नाही. त्याच घरातल्या सुनेला आशाताईंनी 'माला-एन' या गर्भनिरोधक गोळ्यांचं पाकीट देऊ केलं, की मात्र सासू, जाऊ, शेजारीण सगळ्या एका सुरात सांगतात, "हार्मोनच्या गोळ्या नकोत बाई, पिशवी खराब होते."

दोन्ही गोळ्या हार्मोनच्याच आहेत. पाळी ढकलण्यासाठी घेतात ती बहुधा नॉरएथिस्टेरॉन, पाच मिलीग्रॅमची, दिवसातून तीनदा. एवढ्या मात्रेत तिचा काही अंश शरीरात एथिनिल इस्ट्रॅडिऑलमध्ये बदलतो, आणि गर्भनिरोधक गोळीतल्या ज्या घटकामुळे रक्ताच्या गाठींचा धोका वाढतो तो हाच. म्हणजे ज्या बाईला 'माला-एन' चालत नाही, तिला सणाची गोळीही न विचारता चालणार नाही. शिवाय ती घेतली म्हणजे दिवस राहणार नाहीत, हाही समज चुकीचा आहे. पाळी लांबवण्यासाठी घेतलेल्या त्या गोळीवर गर्भनिरोधक म्हणून विसंबता येत नाही.

एका गोळीची नको तेवढी भीती आणि दुसरीबद्दल पूर्ण बेफिकिरी, या दोन्हींचं मूळ एकच आहे: नीट कुणी सांगितलेलंच नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात गर्भनिरोधन वापरणाऱ्या बायकांना विचारलं गेलं, की तुम्ही वापरता त्या साधनाचे दुष्परिणाम तुम्हाला कधी सांगितले होते का? देशभरात ६२.४ टक्के जणी 'हो' म्हणाल्या. उरलेल्यांना ते शरीरावर उमटल्यावरच कळले असणार. त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या विवाहित जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांमध्ये बाईचं ऑपरेशन झालेलं दिसतं, आणि पुरुष नसबंदी अर्ध्या टक्क्यालाही पोचत नाही. दोन मुलांमध्ये अंतर ठेवण्याच्या साधनांची बाजू आपल्याकडे लंगडी आहे, आणि त्याला ऐकीव भीती बरीच कारणीभूत आहे.

शिरूर तालुक्याच्या बाबतीत हे जास्तच खटकतं. छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीचं वढू बुद्रुक याच तालुक्यातलं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी सत्तरच्या दशकात तिथे ग्रामीण आरोग्याचं काम उभं केलं. गावातल्याच माणसांना आरोग्याचं शिक्षण द्यायचं आणि शहरातल्या रुग्णालयाचं बळ त्यांच्या पाठीशी उभं करायचं, ही त्यांची रीत. या कामासाठी १९९३ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. बायकांचं आरोग्य आणि कुटुंबनियोजन हा त्यांच्या कामाचा गाभा होता. ज्या मातीत हे घडलं तिथल्या सुनेला आजही गोळीचं खरं-खोटं शेजारणीकडून कळावं, ही मनाला लागणारी गोष्ट आहे.

आधी सरकारी दवाखान्यात काय मिळतं ते पाहू, कारण नावांतच गोंधळ आहे. 'माला-एन' फुकट मिळते. तिच्या पाकिटात २८ गोळ्या असतात. त्यातल्या २१ हार्मोनच्या (०.१५ मिलीग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल आणि ०.०३ मिलीग्रॅम एथिनिल इस्ट्रॅडिऑल) आणि सात लोहाच्या. 'अंतरा' हे तीन महिन्यांचं इंजेक्शन, बायकांच्या भाषेत सुई. त्यात १५० मिलीग्रॅम मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन असतं. 'छाया' ही तिसरी, आणि तिला सर्रास हार्मोनची गोळी समजलं जातं. ती तशी नाही. तिच्यातलं सेंटक्रोमन हे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत भारतीय शास्त्रज्ञांनी शोधलेलं, स्टेरॉइड हार्मोन नसलेलं औषध आहे. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, पुढे आठवड्यातून एकदा घ्यायचं. अंगावर दूध पाजणाऱ्या बाईलाही ते चालतं. त्याने काहींची पाळी लांबते. पंधरा दिवसांवर लांबली, तर गर्भधारणेची तपासणी करून घ्यावी लागते.

"रोज गोळी खाल्ली की पोटात गोळ्यांचा गठ्ठा होतो" असं म्हातारी माणसं सांगतात. तसं काही होत नाही. गोळी विरघळते, हार्मोन रक्तात जातात, काम करतात आणि काही दिवसांत शरीराबाहेर पडतात. म्हणून तर ती रोज घ्यावी लागते. याच कारणाने "गोळी सोडली तरी मूल होत नाही" हेही खरं नाही. 'माला-एन' थांबवल्यावर बीज तयार होणं लवकरच पूर्ववत होतं, आणि पाकीट अर्धवट सोडलेल्या कितीतरी जणींना लगेच दिवस राहतात ते यामुळेच. रांजणगाव एमआयडीसीत पाळ्यांमध्ये काम करणाऱ्यांना वेळ पाळण्याची धास्ती असते. रात्रपाळीमुळे ही गोळी काही तास पुढे-मागे झाली तर बिघडत नाही. एखादी पूर्ण चुकली तर आठवेल तेव्हा लगेच घ्यायची आणि उरलेलं पाकीट चालू ठेवायचं. दोन किंवा जास्त चुकल्या तर पुढचे सात दिवस निरोधही वापरायचा.

सुईचं गणित मात्र वेगळं आहे, आणि इथे भीतीत तथ्याचा अंश आहे. 'अंतरा'मुळे कायमचं वंध्यत्व येत नाही. पण शेवटच्या सुईनंतर मूल राहायला सरासरी सात ते दहा महिने जाऊ शकतात, काहींना त्याहून अधिक. हे आधी सांगितलं नाही, तर वर्षभर वाट पाहणारं घर "सुईनेच वाटोळं केलं" असं म्हणणारच. ज्या जोडप्याला वर्षभरातच मूल हवं आहे, त्यांनी सुई न निवडलेली बरी.

आता मुख्य तक्रार: अंगावरून जाणं. 'अंतरा' घेतल्यावर पहिल्या काही महिन्यांत पाळीचा ताळमेळ बहुतेकींमध्ये बिघडतो. कधी दहा-पंधरा दिवस नुसते डाग पडतात, कधी मध्येच जास्त जातं, कधी महिनोन्‌महिने काहीच नाही. वर्षभर सुई घेणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्या जणींची पाळी तात्पुरती थांबते. हा औषधाचा अपेक्षित परिणाम आहे. गर्भाशयाच्या आतला थर दर महिन्याला जाड होतो आणि गळतो, ती पाळी. सुईतल्या हार्मोनमुळे तो थर वाढतच नाही, त्यामुळे गळायलाही काही नसतं. "घाण रक्त आत साठतं, मग डोक्यात जातं" ही समजूत म्हणूनच निराधार आहे. उलट, राज्यातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी असताना, दर महिन्याला रक्त न जाणं कित्येकींच्या फायद्याचंच ठरतं.

पण "काही होत नाही, सवय होईल" असं म्हणून पंधरा दिवसांच्या डागांची बोळवण करणं हाही एक गैरसमज आहे, आणि तो दवाखान्याच्या बाजूचा. डाग थोडेसेच, रक्त जेमतेम चमचाभर, म्हणून डॉक्टरांना ते किरकोळ वाटतं. जिच्या घरी अजून शिवाशिव पाळली जाते, तिला मात्र पंधरा दिवस देवघरात जाता येत नाही, लोणच्याच्या बरणीला हात लावता येत नाही, नवऱ्याशी जवळीक तुटते, आणि शेतात दिवसभर खुरपणी करताना कपडा बदलायला आडोसा मिळत नाही. शिवाशिवीची ही चाल जायला हवी, यात वाद नाही. ती जाईपर्यंत ज्या बाईला ती सोसावी लागते, तिची तक्रार खरी मानायला हवी. जास्त दिवस किंवा जास्त प्रमाणात जात असेल तर ते थांबवायला औषधं आहेत. तरी थांबलं नाही तर तपासणी आणि साधन बदलणं हा तिचा हक्क आहे.

हा हक्क डावलला, की गोष्टी कुठवर जातात ते मराठवाड्याने दाखवलं. शिरूर-दौंडच्या ऊसपट्ट्यातल्या फडांवर हंगामात बीड, अहिल्यानगरकडून ऊसतोड मजुरांचा कोयता येतो. बीडमधल्या ऊसतोड महिलांची गर्भाशयं मोठ्या संख्येने काढली गेल्याच्या तक्रारींवर २०१९ साली राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळच्या सर्वेक्षणात ८२ हजारांवर महिलांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली आढळली. त्याची कारणं अनेक होती, आणि गर्भनिरोधक सुई हे त्यांतलं कारण म्हणून पुढे आलेलं नाही. पण पाळीच्या साध्या तक्रारीवर "पिशवीच काढून टाका, कटकट नको" हा सल्ला किती सहज दिला आणि घेतला जातो, हे त्यातून कळलं. स्थलांतर करणाऱ्या बायकांसाठी इथे एक व्यवहाराची गोष्टही सांगायला हवी. सुईची तारीख अनेकदा गाव सोडल्यावर येते. 'अंतरा'चं कार्ड कागदपत्रांबरोबर पिशवीत ठेवावं आणि फडाजवळच्या सरकारी दवाखान्यात ते दाखवावं. ठरल्या तारखेनंतर चार आठवड्यांपर्यंत उशीर झाला तरी पुढची सुई घेता येते. जिथे सुई टोचली ती जागा चोळायची नाही, शेकायची नाही, नाहीतर औषधाचा असर लवकर संपतो.

सुईबद्दलचा अविश्वास आभाळातून पडलेला नाही. १९८५ साली हैदराबादजवळच्या पाटणचेरूच्या आरोग्य केंद्रात 'नेट-एन' या गर्भनिरोधक इंजेक्शनच्या चाचणीसाठी बायकांना पुरेशी माहिती न देता आणलं गेल्याचं कार्यकर्त्यांच्या लक्षात आलं. स्त्री शक्ती संघटनेने १९८६ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. पुढे मुंबई-दिल्लीच्या स्त्रीसंघटनाही वर्षानुवर्षं या प्रश्नावर लढल्या. त्यांचं म्हणणं असं, की आपल्या दवाखान्यांत ना आधी तपासणी होते ना नंतर विचारपूस, मग तीन महिने अंगातून काढता न येणारं औषध कशाच्या भरवशावर द्यायचं? 'अंतरा'तल्या औषधाची सुई खासगी बाजारात नव्वदच्या दशकात आली आणि सरकारी कार्यक्रमात थेट २०१७ साली. पहिल्या दहा राज्यांत महाराष्ट्र होता. औषध सुरक्षित आहे की नाही, या प्रश्नाइतकाच ते कसं दिलं जातं हा प्रश्न महत्त्वाचा आहे, आणि त्या संघटनांनी तेव्हा विचारलेलं आजही जसंच्या तसं लागू आहे.

"अंग सुटतं" ही तक्रार गोळीच्या बाबतीत पुराव्यावर टिकत नाही. अनेक अभ्यास एकत्र तपासल्यावरही एकत्रित हार्मोनच्या गोळीमुळे वजनात मोठी वाढ झाल्याचं दिसलेलं नाही. सुईने मात्र वर्षाला सरासरी एक-दोन किलो वजन वाढू शकतं, काहींचं त्याहून जास्त. सुई घेईपर्यंत हाडांची घनताही थोडी कमी होते आणि थांबवल्यावर बहुतांशी भरून येते. गोळीच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत मळमळ, डोकं दुखणं, छाती भरल्यासारखी वाटणं हे त्रास होतात. रात्री जेवणानंतर गोळी घेतली तर मळमळ कमी होते.

मनावरच्या परिणामाला आपल्याकडे "नाटकं" म्हणून उडवून लावतात. २०१६ साली डेन्मार्कमधल्या दहा लाखांहून अधिक बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हार्मोनचं गर्भनिरोधन घेणाऱ्यांमध्ये नैराश्यावरची औषधं पहिल्यांदा सुरू होण्याचं प्रमाण वर्षाला शंभरात २.२ होतं, न घेणाऱ्यांत १.७. किशोरवयीन मुलींमध्ये फरक अधिक होता. म्हणजे बहुसंख्य जणींना काही होत नाही, आणि थोड्यांना खरंच होतं. एखादी बाई "गोळी सुरू झाल्यापासून सारखं रडू येतं" म्हणाली, तर ते ऐकून घ्यायचं आणि दुसरं साधन सुचवायचं. यात वाद घालण्यासारखं काही नाही.

गंभीर धोका आहे तो रक्ताच्या गाठींचा, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. गोळी न घेणाऱ्या आणि गरोदर नसलेल्या दहा हजार बायकांत वर्षाला साधारण दोघींना अशी गाठ होते. लेव्होनॉरजेस्ट्रेल असलेली, म्हणजे 'माला-एन'सारखी गोळी घेणाऱ्या दहा हजारांत पाच ते सात जणींना. बाजारातल्या काही महागड्या गोळ्यांमध्ये, उदाहरणार्थ ड्रॉस्पिरेनोन असलेल्या, हा आकडा नऊ ते बारा आहे. "फुकटची गोळी कमअस्सल, महाग ती चांगली" या समजाला हे आकडे पुरेसं उत्तर देतात. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत हा धोका गोळीपेक्षाही बराच जास्त असतो. १९६० साली अमेरिकेत आलेल्या पहिल्या गोळीत इस्ट्रोजेन १५० मायक्रोग्रॅम होतं, 'माला-एन'मध्ये ३० आहे. जुन्या गोळीच्या अनुभवांतली बरीच भीती नव्या गोळीला चिकटून राहिली आहे.

धोका कुणाला जास्त, हे ठरवायला मोठी तपासणी लागत नाही. रक्तदाब १४०/९० किंवा जास्त असेल, आधी गाठ झाली असेल, डोळ्यांपुढे चमचमत्या रेषा येऊन अर्धशिशी उठत असेल, पस्तिशीनंतर धूम्रपान चालू असेल, तर एकत्रित हार्मोनची गोळी नको. अंगावर पाजणाऱ्या बाईने पहिले सहा आठवडे तर नाहीच, आणि शक्यतो सहा महिने ती टाळावी. बाळंतपणाला माहेरी आलेली मुलगी सासरी निघताना हे कुणीतरी सांगायला हवं. टीबीचं औषध चालू असेल तर रिफॅम्पिसिनमुळे गोळीचा परिणाम घटतो. फिटांच्या काही औषधांनीही तेच होतं. "टीबीच्या गोळ्या खाते" हे वाक्य संकोचापोटी गिळलं, तर दिवस राहण्याची शक्यता वाढते.

कर्करोगाचं चित्र एकरंगी नाही. गोळी घेणाऱ्यांमध्ये बीजकोशाचा आणि गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग कमी आढळतो. बीजकोशाच्या कर्करोगाचा धोका गोळी घेतलेल्या दर पाच वर्षांमागे सुमारे एक पंचमांशाने घटतो, आणि हे संरक्षण गोळी सोडल्यावरही वर्षानुवर्षं टिकतं. स्तनाच्या कर्करोगाचा धोका घेत असताना किंचित वाढतो. २०१७च्या डेन्मार्कमधल्या अभ्यासानुसार एक लाख बायकांमागे वर्षाला तेरा जास्त. पाच वर्षांहून अधिक काळ वापरल्यास गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोकाही थोडा वाढतो. सुईबाबत २०२४ साली फ्रान्समधल्या एका अभ्यासात दीर्घकाळ घेणाऱ्यांमध्ये मेंदूच्या आवरणाची गाठ होण्याचा धोका पाचपटीहून अधिक दिसला. ही गाठ मुळात फार विरळ असते, म्हणून पाचपट झाली तरी प्रत्यक्ष संख्या लहानच राहते. तरी वर्षानुवर्षं सुई घेणाऱ्या बाईचं डोकं सतत दुखू लागलं किंवा नजर बदलली, तर "ऊन लागलं असेल" म्हणून सोडून देऊ नये.

राहिली "७२ तासांची गोळी". ही आणीबाणीची गर्भनिरोधक गोळी बीज बाहेर पडणं पुढे ढकलते. राहिलेला गर्भ ती पाडत नाही. गर्भपाताची औषधं वेगळी, आणि ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची असतात. दुकानातून परस्पर आणून घेणं जिवावर बेतू शकतं. आणीबाणीच्या गोळीने वंध्यत्व येत नाही, पण दर महिन्याला तिचाच आधार घेतला तर पाळी विस्कटते आणि संरक्षणही नेहमीच्या साधनापेक्षा कमीच मिळतं.

आधी नीट सांगितल्याने किती फरक पडतो, ते मेक्सिकोतल्या एका अभ्यासात दिसलं; त्याचा निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाला. 'अंतरा'तलंच औषध घेणाऱ्या साडेतीनशे बायकांपैकी ज्यांना पाळीत काय बदल होतील ते आधी आणि नंतरही नीट समजावलं, त्यांच्यातल्या १७ टक्के जणींनी वर्षभरात सुई सोडली. जुजबी माहिती मिळालेल्यांत हे प्रमाण ४३ टक्के होतं. औषध तेच, मात्रा तीच, फरक फक्त बोलण्याचा.

म्हणून आशाताई, सिस्टर आणि डॉक्टर यांना एवढीच विनंती: पहिलं पाकीट किंवा पहिली सुई देण्याआधी रक्तदाब मोजा, आजार आणि चालू औषधं विचारा, आणि पाळीत काय बदल होतील ते तिच्या नवऱ्याला आणि सासूलाही समोर बसवून सांगा. तिने साधन बदलून मागितलं तर हुज्जत न घालता बदलून द्या. आणि गोळी घेणाऱ्या प्रत्येकीने हे लक्षात ठेवावं: एका पोटरीला सूज येऊन ती दुखू लागली, छातीत दुखून धाप लागली, पोटात असह्य कळ आली, अचानक जोराचं डोकं दुखलं किंवा अंधूक दिसू लागलं, तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा आणि गोळी चालू होती हे डॉक्टरांना आपणहून सांगायचं. रात्री-अपरात्री सल्ला हवा असेल तर राज्याच्या आरोग्य सल्ला केंद्राचा क्रमांक १०४ आहे, आणि रुग्णवाहिकेचा १०८.